कुलूपबंद घरांवर कठोर कारवाई

सोसायटीची सेक्रेटरी होण्यासाठी माझ्याकडे एकच पात्रता होती. पहिल्या मीटिंगला मी वेळेवर गेले. बाकीचे येईपर्यंत सतरंजी झटकली, खुर्च्या मांडल्या, हजेरीचं पान आखलं. मग एकेक जण डुलत डुलत आला आणि मला बघून म्हणाला, "बाई आहेत ना, मग झालं तर!" तेव्हापासून जे झालंय ते झालंच आहे, कुणी सोडवायला येत नाही.

सगळे मला बाई म्हणतात, कारण ही बिल्डिंग उभी राहण्याआधी घाटकोपरच्या या डोंगरउतारावर आमची झोपडपट्टी होती आणि तिथल्या बालवाडीत शिकवण्यात मी जन्म काढला. बिल्डरनं झोपड्या पाडल्या, पुढे पैसेवाल्यांचे टॉवर बांधले आणि मागच्या बाजूला आम्हाला सात मजल्यांची बिल्डिंग दिली. सरकारी योजना ती. झोपडीच्या बदल्यात रूम फुकट, पण ठरावीक वर्षं विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, स्वतः राहायचं. बालवाडीतल्या पोराला कळेल असा नियम. मोठ्यांना तो कळला नाही, त्याला मी काय करू? अर्धेअधिक लोक दोन वर्षांत विरार, नालासोपारा, पनवेल असे पांगले आणि त्यांच्या रूममध्ये भाडोत्री आले. दारावर पाटी मात्र जुन्याच मालकाची.

त्यातला नंबर एकचा म्हणजे चौथ्या मजल्यावरचा. माझ्याच बालवाडीतला. तेव्हाही स्वतःचा डबा दप्तरात ठेवून दुसऱ्याचा खायचा. आता स्वतः आईला घेऊन विरारला राहत होता आणि इथे त्याचे भाडोत्री पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवून खिडकीतून कचरा फेकत होते. मी फोन करून झापला, तर म्हणतो कसा, "बाई, तुम्ही बालवाडीतून रिटायर झालात ना? मग?"

माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी मी योजनेच्या सरकारी ऑफिसला तक्रार लिहिली, दोन पानं, सुवाच्य अक्षरात. शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते लिहून मी मोठ्यानं वाचलं होतं: "कुलूपबंद व भाड्याने दिलेल्या घरांवर कोणतीही दयामाया न दाखवता कठोर कारवाई करावी." दयामाया या शब्दाखाली लाल पेनानं रेघ मारली. पन्नास पोरांच्या वह्या तपासलेला हात, सवय जात नाही.

ऑफिसनं दखल घेतली. पत्र आलं की अमुक दिवशी साहेब घरोघर तपासणीला येतील. वर लिहिलं होतं, फक्त सेक्रेटरींच्या माहितीसाठी. आता माझा नियम असा, की सोसायटीला आलेला प्रत्येक कागद बोर्डावर लागलाच पाहिजे. पारदर्शक कारभार! मी पत्राच्या झेरॉक्स काढल्या आणि बोर्डावर एक, लिफ्टमध्ये एक आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक अशा चिकटवल्या. अचानक तपासणी ही अचानक असावी लागते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हसा. माझे यजमान अजून हसतात.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि बघतच राहिले. भाडोत्री सगळे गायब, कुणी मॉलमध्ये, कुणी नातेवाइकांकडे. आणि पांगलेली आमची अख्खी वस्ती परत हजर! विरारवाले आले, पनवेलवाले आले, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा माहेरी आल्या. सगळी दारं सताड उघडी. पॅसेजमध्ये बायका भाजी निवडत बसल्या होत्या, एका घरातली कढई दुसऱ्या घरात चालली होती. "अगं, किती वाळलीस!" "तू मात्र झकास सुटलीयस गं!" पाच वर्षांत बिल्डिंगमध्ये एवढा आवाज मी ऐकला नव्हता. सगळे खोटं बोलायला जमले होते आणि मला मेलीला त्यांना बघून आनंद होत होता.

एकच दार बंद होतं. सहाव्या मजल्यावर, माझ्या दाराला लागून असलेलं, काकीचं.

काकी म्हणजे माझी तीस वर्षांपासूनची शेजारीण. झोपडीत आमची भिंत एक होती, इथेही आहे. मालवणकडची, नवरा गेलेला, एकच मुलगी, ती कुडाळला दिलेली. ही रूम मिळाल्यापासून काकी कुठे गेली नव्हती. रोज दाराची पाटी ओल्या फडक्यानं पुसायची. "माज्या नावाची भिंत गो बाय, आयुष्यात पयल्यांदा," असं म्हणायची. रूम होती म्हणून ती कुणाच्या दारात नव्हती, जावयाच्या तर नाहीच. डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा मुलगी हट्टानं घेऊन गेली, ऑपरेशन झालं आणि नेमकी तपासणी आली. मी फोन केला, तर डोळ्यावर पट्टी, प्रवास बंद. मी म्हटलं, काळजी करू नको, मी आहे ना, साहेबांना खरं काय ते सांगेन. बिल्डिंगमध्ये खरोखर राहणारी ती एक, मी एक, आणि असतील अजून पाचपंचवीस. खऱ्याला कसली भीती, असं मला वाटायचं.

साहेब सातव्या मजल्यापासून सुरू झाले. तिशीतला माणूस, एका हातात यादी, दुसऱ्या हातात मोबाइल, काखेत फाइल. प्रत्येक घरात माणूस दारात उभा करायचा, फोटो काढायचा, फॉर्मवर खूण करायची. सातवा मजला बिनतक्रार पास. सहाव्यावर आलो. काकीच्या दाराशी थांबून ते म्हणाले, "कुलूप?"

मी सगळं सांगितलं. मोतीबिंदू, मुलगी, पट्टी. डॉक्टरची चिठ्ठी मागवून देते म्हटलं. ते ऐकून घेत होते, नाही असं नाही. पण फॉर्मवर दोनच चौकोन होते, राहतात आणि कुलूप. कुलूपवर खूण झाली की रूम परत घ्यायची नोटीस निघणार.

"साहेब, विधवा बाई आहे. जरा दया..."

त्यांनी फाइल उघडली आणि माझंच पत्र माझ्यापुढे धरलं. "मॅडम, हे आपणच लिहिलंय ना?" लाल रेघ तिथेच होती. पॅसेजमधल्या बायकांनी भाजी निवडायची थांबवली. माझ्या झेरॉक्सनं सगळे लबाड सुटणार होते आणि माझ्याच वाक्यानं काकी घराबाहेर जाणार होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

तेवढ्यात जिन्यावरून चौथ्या मजल्यावरचा वर आला. तोच. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. "साहेब, उन्हातनं आलात, आधी चहा घ्या. बाईंच्या हातचा चहा म्हणजे काय विचारू नका!" असं म्हणत त्यानं साहेबांना माझ्याच घरात नेऊन बसवलं, पंखा लावला, माझ्या यजमानांशी ओळख करून दिली. बाहेर येऊन हळूच म्हणाला, "बाई, काकीची किल्ली तुमच्याकडेच ना?"

किल्ली माझ्याकडेच होती. आमच्यात गावाला जाताना किल्ली शेजारीच ठेवतात. पण उघडून बसवायचं कुणाला? त्यानं मागे बघितलं. त्याची आई धापा टाकत जिना चढत होती.

आता ही आई आणि काकी यांचं वस्तीतल्या नळावर असं भांडण झालं होतं, की बारा वर्षं दोघी एकमेकींची सावली टाळत होत्या. "त्या बयेच्या घरात मी? तिचं नाव लावून?" म्हातारीनं आधी डोळे मोठे केले. मग कुलपाकडे बघितलं. मग माझ्या हातातून किल्ली घेतली. "रूम जाता कामा नये," एवढंच म्हणाली. आत जाऊन खुंटीवरची काकीची शाल घेतली, पदर डोक्यावर ओढला आणि विळी घेऊन बसली.

साहेब चहा पिऊन आले. "आत्ता तर कुलूप होतं."

"देवळात गेली होती," दहा बायका एकदम म्हणाल्या.

साहेबांनी आधारची झेरॉक्स बघितली, जी माझ्याच फाइलमध्ये होती. त्या काळ्या डागात काकी, म्हातारी, मी, कुणीही दिसू शकलं असतं. त्यांनी विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव काय?"

झालं. वाट लागली! काकीच्या नवऱ्याला वस्तीत सगळे काकाच म्हणायचे, त्याचं नाव या म्हातारीला कुठून ठाऊक असणार? पण म्हातारी बारा गावचं पाणी प्यालेली. तिनं पदर तोंडावर घेतला आणि मान फिरवून म्हणाली, "इश्श! देवमाणूस गेला, आता त्याचं नाव घ्यायला लावता का या वयात?" साहेब बिचारे ओशाळले. त्यांच्या आजीनंही जन्मात नाव घेतलं नसणार. ते माझ्याकडे वळले.

"सेक्रेटरी मॅडम, तुम्ही सांगा. हीच का ती?"

अख्खा पॅसेज माझ्याकडे बघत होता. चौथ्या मजल्यावरचाही. बालवाडीत मी त्याला खोटं बोलला म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं, ते त्याला आठवत असावं. मी म्हटलं, "हीच." आणि खाली सही केली, पूर्ण नाव, हुद्दा, शिक्का.

चौथ्या मजल्यावर साहेबांनी विचारलं, "यादीत तुमच्या आई आहेत, त्या कुठे?" तो म्हणाला, "देवळात." त्या दिवशी आमच्या देवळाला फार गर्दी होती. त्याची खूण झाली, राहतात. बिल्डिंग शंभर टक्के पास. ऑफिसकडून मला कौतुकाचं पत्र आलं, ते नियमाप्रमाणे बोर्डावर लावलं.

काकी परतली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं आणि ऑफिसकडून आलेल्या फॉर्मच्या प्रतीवरचा फोटो दाखवला. ती फोटोकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "डोळे करून इलंय आणि पयला काय बघलंय, तर ह्या बायेचा थोबाड, माज्या रूमीत! आणि शाल पण माजी!" मला हसू आवरेना. मग ती ओलं फडकं घेऊन दाराची पाटी पुसायला गेली.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. ऑफिसनं ठरवलं, दर वर्षी तपासणी, आणि मागच्या वर्षीच्या फोटोशी चेहरा ताडून बघायचा. म्हणजे सरकारदरबारी काकी आता ती म्हातारी होती, कायमची. तपासणीच्या दिवशी ती विरारहून येणार, सहाव्या मजल्यावर शाल पांघरून बसणार. मग खऱ्या काकीनं जायचं कुठे? आणि चौथ्या मजल्यावरची देवळात गेलेली आई दर वर्षी देवळातच कशी? उत्तर एकच होतं. तेही चौथ्या मजल्यावरच्यालाच सुचलं. असली उत्तरं त्याला लहानपणापासून सुचतात.

दुसऱ्या वर्षी नवीन साहेबांबरोबर मी चौथ्या मजल्यावर उतरले, तर काकी खुर्चीत बसली होती. अंगावर नवी हिरवी साडी. त्यानं आणलेली. हातात कपबशी, आणि तो तिच्या पायाशी बसून म्हणत होता, "आई, गरम आहे, बशीत ओत." साहेबांनी फोटो काढला. तो म्हणाला, "आई, साहेबांना नमस्कार कर." काकीनं हात जोडले, ते जरा जास्तच वेळ जोडलेले राहिले. साहेब तिसऱ्या मजल्यावर गेले, मी गेले, सगळं आटोपून अर्ध्या तासानं वर आले तरी ती तिथेच बसलेली. तो तिची चौकशी करत होता, डोळा दुखतो का, ड्रॉप घालतेस का.

संध्याकाळी तो स्वतःच्या आईला घेऊन विरारला गेला आणि त्याचे भाडोत्री परत आले. त्यांचं चपलांचं कपाटही पॅसेजमध्ये आलं. मी काही बोलले नाही. आता कुठल्या तोंडानं बोलणार? काकी माझ्या दारात उभी राहिली. साडी बदललेली नव्हती.

"त्येना माका आई म्हटल्यान गो," ती म्हणाली. "चार येळा."

तिला सहाव्या मजल्यावर स्वतःच्या नावाची भिंत आहे, ती कुणी घेतली नाही. पण त्या भिंतीशी दिवसभर बोलायचं काय? मुलीचा फोन रविवारी येतो. बाकीची दारं बंद असतात, माझंसुद्धा, कारण मी सोसायटीच्या कागदात असते. आता काकी दर दोनचार दिवसांनी येते, दाराला टेकते आणि विचारते, "बाय गो, तपासणी परत कधी?" मी सांगते, वेळ आहे अजून. ती मान हलवून जाते.

परवा बसून मी ऑफिसला पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात. आमच्या बिल्डिंगमध्ये गैरप्रकार होण्याची दाट शक्यता असल्याने तपासणी वर्षातून निदान दोनदा करावी, ही नम्र विनंती. उत्तर आलं की बोर्डावर लावीन.