कवेलू वर जाऊन थांबते ती जागा

दामोदर गुरुजींची आणि माझी ओळख झाली ती करडीच्या शाळेच्या बिनछपराच्या वर्गात. आठवी नवीनच मिळाली होती. पावसाळ्याआधी छप्पर झाले नाही तर ती दुसऱ्या गावाला देऊ, असे वरून सांगणे आले होते. तसे झाले असते तर माझे शिक्षण सातवीवरच संपले असते.

गावाने घरोघरची कवेलू, म्हणजे छपराची कौले, दिली. गुरुजींनी तर स्वतःच्या पडवीवरची उतरवून आणली. आमच्याकडे कवेलू खालून फेकतात आणि वरचा माणूस झेलतो. आम्ही पोरे जोर दाखवायला लागलो. छपरावरच्या महादूकाकांच्या हातावर आपटून कवेलू फुटू लागली.

"काहून रे, मले का वांदर समजून राहिले? दगडं मारता!" काका ओरडले.

गुरुजींनी काम थांबवले. एक कवेलू उचलून म्हणाले, "वर जाताना याचा वेग कमी कमी होत जाते. एका जागी शून्य होते. ती जागा महादूभाऊच्या हातात आली पाह्यजे. उरलेला वेगच कवेलू फोडते."

"तिथं ते थांबते, तं मी बिडी पेटवून घेऊ का?"

"नाही ना भाऊ! वेग शून्य झाला तरी पृथ्वीची ओढ सुटी घेत नाही. वर जाताना, थांबताना, पडताना, तेच त्वरण. तुम्ही उशीर केला का गेलं खाली!"

आणि गुरुजींनी ते फेकले. कुणी हातावर आणून ठेवावे तसे ते काकांच्या हाती आले. मग आम्हालाही जमले. शेवटचे कवेलू बसले तेव्हा खालचा ढीग नेमका संपला होता. काका वरूनच गरजले, "गुरुजी, आठवी आपलीच!"

माझे पाय कुठे टिकत नाहीत. नववीत शाळा सुटली, भिलाई झाली, आता सुरतेला बांधकामावर आहे. पण माझी वीट गवंड्याच्या हाती अलगद पोचते, म्हणून प्रत्येक टोळी मला पहिल्याच दिवशी ठेवून घेते. कुणी विचारले तर मी छाती फुगवून गुरुजींचे नाव सांगतो.

त्यांच्या पडवीवर मात्र तेव्हा कवेलूंच्या जागी घातलेले गवतच अजून आहे. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. म्हणून गुरुजींना साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या या सत्काराला आम्ही जुने विद्यार्थी नवी कवेलू घेऊन येतो आहोत. गुरुजींनी अंगणात खुर्ची टाकून बसावे, आणि धडधाकट प्रकृतीने शंभरीपर्यंत आमच्यावर ओरडत राहावे, "हळू फेका रे!"