दाराला कडी घालणारी बहीण

हे पुस्तक मला काकूंनी दिलं. त्यांच्या नातीनं सुट्टीत वाचून पलंगाखाली टाकलं होतं, काकूंनी ते फडक्यानं पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. बंगळुरात मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला आहे, राहायलाही तिथंच. मागची खोली, खोलीला खिडकी, वर पंखा, आणि एक पुस्तक संपलं की दुसरं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला एवढं कोण देतं? म्हणून तर काकू चष्मा वर सरकवून "कसं वाटलं गं?" म्हणाल्या की मी जपून बोलते. वाईट आहे म्हणावं, तर त्यांना वाटायचं हिला काही कळत नाही, उगाच देते मी पुस्तकं.

पण हे पुस्तक वाचताना माझा ताबा सुटला. कणीक मळता मळता मी त्याला शिव्या दिल्या.

गोष्ट अशी की एका मोठ्या शहरात जीवघेणा विषाणू सुटतो आणि कॉलेजात जाणारी पाच पोरं तेवढी वाचतात. डॉक्टर मरतात, पोलीस मरतात, पण नळाचं पाणी काही जात नाही. कोण सोडत होतं ते पाणी? मी शिरूर कासारकडची. आमच्याकडं टँकरवाल्याला नुसता ताप आला तरी गाव कोरडं पडायचं. आणि ह्यांच्या शहरात सगळी माणसं मेली तरी नायिका केस धुते! एका पानावर नाही, दोन पानं धुते. भूक लागली की ह्यांना चॉकलेट सापडतं. भांडी कुणी घासत नाही. आजारी पडलेला माणूस लगेच लालबुंद डोळ्यांचा राक्षस होतो, म्हणजे लेखकाला त्याचं काही करायला नको. पाणी पाजायला नको, ओकारी काढायला नको. दिसला की पळायचं. सोपं काम.

हेही मी सोसलं असतं. पण मधेच नायिकेच्या धाकट्या भावाला ताप भरतो. ती त्याला खोलीत ढकलते, बाहेरून कडी घालते, दाराला डोकं टेकून मन भरेस्तोवर रडते आणि मित्रांबरोबर निघून जाते. आणि लेखक खाली लिहितो, ह्याला म्हणतात धाडस.

मी पुस्तक मिटलं.

मलाही धाकटा भाऊ आहे. मी सातवीत असताना, दुष्काळाच्या साली गावात म्हातारी माणसं आणि शाळेच्या वसतिगृहातली आम्ही पोरं तेवढी राहिलो होतो, बाकी सगळं गाव ऊस तोडायला गेलं होतं. तीन वर्षांच्या भावाला आई-बाप संगं घेऊन गेलते. कारखान्यावर त्याला गोवर निघाला. त्याच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. आई कोपीत, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीत, बसली तर बापही बसला, आणि मुकादमाला बसलेला कोयता चालत नाही. म्हणून निरोप आला, थोरलीला पाठवून द्या. मला लहानपणी गोवर येऊन गेला होता.

मी टेम्पोतून उतरले तेव्हा आमच्या कोपीपुढं भांडण चाललं होतं. शेजारच्या कोपीतली बाई आईच्या अंगावर ओरडत होती. पाण्याच्या पाळीवरून त्या दोघींचं आधीपासूनच जमत नव्हतं.

"उचला तुमची कोपी, न्या तिकडं वड्याच्या कडंला! माझी बी लेकरं हायती."

"कावून ओरडतीस?" मुकादम तिच्यावर खेकसला. "कारखान्यात कळलं तर आख्खी टोळी हाकलतील. तोंडं मिटा समदी. अन् तू बे," तो माझ्या बापाला म्हणाला, "सकाळी फडात दिसला पायजेस."

लेकरू जगेल का मरेल, हे त्या दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. मग त्या बाईचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"तुला बाई येऊन गेली का गं?"

आमच्याकडं गोवराला बाई म्हणतात, पाहुणी आल्यासारखं.

"गेली," मी म्हणाले.

"मग जा, बस. तुला वळखती ती. दुसरं कुणी आत जाऊ नगा."

मी आत गेले ती उठलेच नाही. भावाचे डोळे चिकटून गेले होते. ओल्या फडक्यानं पुसायचे, कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा, चमच्यानं पाणी सोडायचं, निम्मं बाहेर यायचं. कारखान्याचा कंपाउंडर एकदा आला. गेटावर 'सहकारी' हा शब्द माणसाएवढा रंगवलेला, आणि हा गडी नाकाला रुमाल लावून रस्त्यावरच थांबला. बाटली दगडावर ठेवली, गाडीला किक मारली. त्या पुस्तकात हा शोभला असता. धाडसी.

बाई घरात असली की फोडणी द्यायची नाही, असा नेम. फोडणीचा वास तिला खपत नाही म्हणतात. पण कोप्या एकीला एक लागून. एकीत तेल तडतडलं की ओळभर वास. आमच्या घरचा नेम आम्ही पाळणार, बाकीच्यांना कोण सांगणार? आई तर मान वर करून कुणाकडं बघत नव्हती.

एका संध्याकाळी टोकाच्या कोपीतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला. नवीन लग्न झालेली पोरगी होती ती, तिला कुणी सांगितलं नसावं. तेवढ्यात शेजारची ती बाई पदर खोचून पळत गेली आणि तिनं लोटाभर पाणी सरळ कढईत ओतलं.

"लेकरू पडलंय तिकडं, अन् तुला चव सुचतीया व्हय गं, भवाने?"

"मला काय ठावं, मावशी?"

"आता झालं न्हवं ठावं? बाई जाईस्तोवर वळीत कुणाच्या बी चुलीला फोडणी न्हाई!"

सगळ्या ओळीनं नेम पाळला. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं मिठाच्या पाण्यात शिजवलेली डाळ भाकरीवर ओतून खात होती आणि आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात आमच्या खानदानाचा उद्धार करत होती. "ह्या कार्ट्यापायी जिभंला शेवाळ आलं बगा." शिव्या रोज, फोडणी एकदाही नाही.

एका सकाळी भावानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आक्का, बेसन." मी बाहेर जाऊन रडले. आईनं त्याला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. पहिली फोडणी आमच्याच कोपीत पडायची होती, सगळी ओळ चुली पेटवून आमच्याकडं कान लावून बसलेली. आईनं मोहरी टाकली, आणि मग एकेका कोपीतून तडतड तडतड करत ती पार टोकापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं पाण्याच्या पाळीवरून आईच्या झिंज्या धरल्या.

हंगाम संपेस्तोवर मी तिथंच राहिले. शाळेचं नंतर कुणी काढलं नाही, मीही नाही. भाऊ जगला होता, बास.

काकूंनी विचारलंच. मी भीत भीत म्हणाले, "काकू, राग मानू नका. हे लिहिणारा कधी आजारी माणसाजवळ बसलेला नाही."

काकूंनी चष्मा काढला. "मग त्या बहिणीनं काय करायला हवं होतं?"

"आत बसायचं."

"अगं, मेली असती ती."

"मेली असती तर तसं लिहायचं. कडी घालून धाडस म्हणायचं नाही."

मी ओटा दोनदा पुसला. मनात म्हटलं, गेली पुस्तकं. दुपारी चहा ठेवायला आले तर ते पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यावर पडलं होतं आणि चहाच्या डब्याशेजारी दुसरं एक पुस्तक ठेवलेलं.

भाऊ आता त्याच कारखान्याच्या बाजूला ट्रॅक्टर चालवतो. फोनवर मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, कडीचं तर रागारागानं दोनदा सांगितलं. तो खो खो हसला.

"आगं आक्का, तू तरी कुठून घातली असतीस कडी? आपल्या कोपीला दारच न्हवतं."