दोनशे किलोंचा मासा

नाशिक शहरात आजवर ज्या ज्या खुर्च्या मोडल्या, बाक कलंडले आणि झोपाळे कड्यांसकट खाली आले, त्या सगळ्यांचं कारण एकच आहे. तिथे माझ्या साडूभाऊंना आधी बोलावलेलं नव्हतं. अंबडच्या एका कारखान्यात या माणसाने तीस वर्षं तयार माल तपासला आणि केसभर फरक दिसला की परत पाठवला. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. पाहुणे म्हणून कुठे गेले की नमस्कार नंतर, आधी सोफा हलवून बघणार. खोड तशी नोकरीत असल्यापासूनचीच. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होण्याच्या बेतात असताना हे स्टेजखाली रांगत शिरले आणि डोक्याला जळमटं घेऊन बाहेर येत म्हणाले, "नवरदेवाला डाव्या अंगाला घ्या. उजवीकडच्या फळ्या भटजींपुरत्याच आहेत." त्यामुळे आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी बायकोच्या चुकीच्या बाजूला उभा आहे आणि भटजी भेदरलेले आहेत.

अशा माणसाच्या घरात मासा आला तर काय होणार? त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि जाताना आपली तीन फुटी काचेची टाकी आणि तिच्यातला एकमेव गोल्डफिश बापाच्या हवाली करून गेली. मासा चांगला पोट सुटलेला, सोनेरी आणि कायम काहीतरी चघळत असल्यासारखा, म्हणून तिने त्याचं नाव शेठ ठेवलेलं. टाकी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर असायची. ती गेली त्याच दिवशी साडूभाऊंनी टेबलाखाली डोकं घातलं, दोरी लावली आणि टेबल मधोमध एक सूत वाकल्याचं जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली आणि शेठची रवानगी गॅलरीतल्या कपडे भिजवायच्या निळ्या टबात झाली. योग्य स्टँड मिळेपर्यंत, फक्त दोन दिवस.

हे दोन दिवस अडीच महिने चालले. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात आम्ही स्टँड बघायला गेलो. दुकानदाराने पांढराशुभ्र, चकचकीत, कपाटवाला स्टँड दाखवला. साडूभाऊंनी त्याच्या मागची कड नखाने खरवडली, आतला दाबलेला भुसा बाहेर काढला आणि खिशातल्या बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर भिजवून दुकानदाराच्या तळहातावर ठेवला. तो फुगून उप्पीट झाला. "टाकीतून रोज चार थेंब सांडणार," ते शांतपणे म्हणाले. "वर पाणी, काच, खडे मिळून दोनशे किलोंच्या पुढे. म्हणजे तुम्ही, मी आणि आमचे हे साडू या उप्पीटावर उभे." दुकानदार म्हणाला, काका, लोक तर हाच नेतात. त्यावर साडूभाऊ म्हणाले, "लोक मासे बघतात. स्टँड बघायला कोणीतरी पाहिजे ना." दुसऱ्या दुकानातला लोखंडी स्टँड कोपऱ्यात धरून हलवला तर तो लाजल्यासारखा डुलला. तिसऱ्या दुकानदाराने आम्हाला लांबूनच ओळखलं आणि जेवणाची सुट्टी घेतली. सकाळचे साडेदहा वाजले होते.

स्टँड नाही तर निदान जागा तरी ठरवावी, म्हणून ते बीम शोधायला खालच्या मजल्यावर गेले. ते कुटुंब जेवत होतं. हे त्यांच्या ताटांमधून वाट काढत, छताकडे बघत, भिंतीवर टिचक्या मारत फिरले आणि अखेर म्हणाले, "आमचा मासा बरोबर तुमच्या फ्रिजवर येईल." त्या वहिनींनी त्या दिवसापासून फ्रिज उघडताना वर बघायला सुरुवात केली.

इकडे गॅलरीत ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मोठी मेहुणी, कपडे बादलीत भिजवून भिजवून वैतागली होती. पण खरी गोष्ट तिनेच मला हळूच सांगितली. लेकीचा फोन पूर्वी रविवारी यायचा आणि तोही तिलाच. बाबा कसे आहेत, हे आईला विचारायची. शेठ टबात गेल्यापासून रोज संध्याकाळी सातला फोन यायचा आणि थेट बापाला. पाणी बदललं का, स्टँड मिळाला का, नाही तर का नाही. पावणेसातलाच हा माणूस शर्ट बदलून गॅलरीत टबाशेजारी स्टुलावर बसायचा. स्टूल अर्थात तपासलेलं.

शेवटी लेकीनेच बजावलं. दसऱ्यापर्यंत स्टँड झाला नाही, तर मी शेठला गंगापूर रोडच्या मैत्रिणीकडे पाठवते. टबात मासा किती दिवस काढेल? मासा गेला तर सातचा फोनही जाणार, हे कळायला साडूभाऊंना मोजपट्टी लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते अंबडला जुन्या ओळखीच्या वेल्डरकडे गेले आणि जाड अँगलचा स्टँड करून घेतला. वेल्डर म्हणाला, "साहेब, यावर ट्रॅक्टर उभा राहील." हे म्हणाले, "ट्रॅक्टरचं मला सांगू नकोस, ट्रॅक्टर गळत नाही."

दसऱ्याच्या सकाळी पार्किंगमध्ये स्टँडची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळं. मग वजनाची चाचणी. मी, दोन भरभक्कम शेजारी आणि ते स्वतः, असे चौघे वर चढणार होतो. पूजलेल्या वस्तूवर चपला घालून कसं चढायचं, म्हणून आम्ही नमस्कार करून, माफी मागून अनवाणी चढलो आणि पाच मिनिटं सत्यनारायणाच्या चौरंगावरच्या देवांसारखे गप्प उभे राहिलो. स्टँड तसूभर हलला नाही. उतरल्यावर कळलं की प्रत्येक सांधा तपासणाऱ्या माणसाने लाल प्रायमर वाळलाय का, तेवढं तपासलं नव्हतं. पार्किंगपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत आमची तांबडी पावलं उमटली. ताई दारात उभी राहून म्हणाली, "यंदा लक्ष्मी नऊ नंबरच्या पायांनी आली वाटतं."

रंग वाळला, खाली थर्माकोल आला, टाकी भरली. शेठ आत गेला आणि एक चक्कर मारून मालकासारखा मधोमध थांबला. लेक व्हिडिओवर बघून खूष झाली. बाबा, आता मला काळजी नाही, म्हणाली.

आणि तिला खरोखरच काळजी राहिली नाही. फोन आधी दिवसाआड झाला, मग चार दिवसांनी, आणि दिवाळीनंतर पुन्हा रविवारवर आला. अशाच एका रविवारी मी तिथे होतो. आईशी बोलून झाल्यावर तिने जाता जाता बापाला विचारलं, "स्टँड ठीक ना, बाबा?"

साडूभाऊंनी एकदा स्टँडकडे बघितलं.

"ठीक आहे तसा," ते म्हणाले. "पण डावीकडे किंचित हलतोय असं वाटतंय. एक-दोन दिवस बघावं लागेल. उद्या सातला कर फोन, सांगतो."

मी उठून स्टँडला दोन्ही हातांनी जोर लावला. हललो तो मीच. साडूभाऊ फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी जवळ गेलो आणि फोनमध्ये ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो, "हो गं, हलतोय जरासा."