दहाच्या दहा

दीड महिना झाला. सकाळी सातला वहिनीचा फोन आला, "रत्ना, तुझे दादा उठत नाहीयेत गं." मी बीपीचं मशीन घेऊन धावले. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली बाई, तिला दारातूनच कळतं, तरी मी पट्टा बांधला, पंप दाबला, काटा हलेल म्हणून बघत बसले... दादा उशाला हात घेऊन निवांत झोपला होता. खुंटीवर पांढरा सदरा इस्त्री करून टांगलेला, कारण दुसऱ्या दिवशी त्याला शेजारच्या शेलार गावात एक लग्न लावायचं होतं. त्या पोरापोरीला फोन करून दुसरा आचार्य बघा म्हणून सांगायचं काम माझ्यावर आलं. नवरी फोनवर रडली आणि रडता रडता म्हणाली, "पण ताई, दहाच घेणार हं आम्ही." मी म्हटलं, घे बाई, दहाच घे.

हे दहा काय, ते सांगते. सुदाम दादा भिवंडीत सगळ्यांना दोन गोष्टींसाठी माहीत. एक, त्यानं जन्मभर लूमच्या कारखान्यात जॉबरचं काम केलं, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारा माणूस. दोन, तो बौद्धाचार्य होता, आपल्या माणसांची लग्नं लावायचा. पहिल्या कामानं त्याचे कान गेले आणि आवाज वाढला, तो दुसऱ्या कामाला उपयोगी पडला. लग्नात त्याला माईक लागायचा नाही. घरात मीठ मागितलं तरी शेजारी मिठाचा डबा घेऊन यायचे, अशी आमची थट्टा. त्याच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही होती. त्रिशरण-पंचशील झालं की तो ती उघडायचा. डाव्या पानावर नवऱ्यानं घ्यायच्या पाच प्रतिज्ञा, उजव्या पानावर बायकोच्या पाच. नवऱ्याच्या अशा, की जोडीदाराचा मान ठेवीन, पाणउतारा करणार नाही, एकनिष्ठ राहीन, घराचा कारभार जोडीदाराच्या हाती देईन, कपडालत्ता-दागिना बघीन. बायकोच्या अशा, की घर नीट सांभाळीन, आल्यागेल्याचं करीन, एकनिष्ठ राहीन, मिळवलेलं जपीन, कामात आळस करणार नाही. ही वही म्हणजे दादाचा जीव. तिला कुणी ओल्या हातानं धरलं तरी ओरडायचा.

माझे यजमान गेले तेव्हा माझी प्रज्ञा चार वर्षांची होती. माझ्या ड्युट्या कधी सकाळच्या, कधी दुपारच्या. दादा तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचा, वेणी घालायचा (वाकडी), आणि पालकसभेला जाऊन बाईंशी इतक्या मोठ्यानं बोलायचा की पोरगी बाकाखाली लपायची. त्यामुळे प्रज्ञाला जेव्हा लग्नाचं सांगायचं होतं, तेव्हा तिनं आधी मामाला बोलावलं. चहा ठेवला आणि म्हणाली, "मामा, मला मनालीशी लग्न करायचंय. तू लावायचंस."

मनाली दादाच्या ओळखीची होती, खारबावची, शेतकऱ्याच्या घरातली. चार वर्षं आमच्याकडे येत-जात होती, दादाला जवळा आणून द्यायची. ती प्रज्ञाची मैत्रीण, एवढंच त्यानं धरलेलं. मला तरी कुठे लगेच कळलं होतं? कळलं तेव्हा मीही दोन महिने घरात भांडी आपटली होती. पण पोरीनं माझ्या डोळ्यात बघून सांगितलं होतं आणि मला माझी पोर हवी होती, बस्स.

दादानं कप खाली ठेवला. "हे बसत नाही."

"कशात बसत नाही?" मी विचारलं.

"वहीत बसत नाही. धम्मात बसत नाही. नवऱ्याच्या पाच कोण घेणार, बायकोच्या पाच कोण घेणार? मी कुणापुढे कुठलं पान धरू? आणि लोकांना काय सांगू, की नवरा कुठंय?"

कायद्याचा कागद मिळणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मनालीच्या वडलांनी, बाबांनी, पोरीपुढे हात टेकले होते आणि मला म्हणाले होते, "आमच्यात भटजी येनार न्हाय, इचारून बगला. तुमच्यात कोन हाय का बगा." म्हणजे दादा होता, नाहीतर कुणीच नव्हतं. आणि प्रज्ञानं तर सांगूनच टाकलं, मामा नाही तर लग्न नाही, आम्ही अशाच राहू.

त्या रविवारी विहारात वंदना झाली आणि सगळे चपला घालत असताना माझं डोकं फिरलं. चारचौघांत मी दादाला म्हटलं, "तू धर्मांध आहेस. आपल्या बापाला ज्यांनी देवळाबाहेर पायरीवर उभं केलं, त्यांनी पण हेच सांगितलं होतं, बसत नाही. त्यांच्यात आणि तुझ्यात काय फरक?" मग त्या माणसानं, ज्याला हळू बोलणं माहीतच नव्हतं, इतक्या हळू विचारलं की मला ओठांवरून ओळखावं लागलं, "मला म्हणालीस तू हे?" आणि चपला न घालताच निघून गेला. त्या मीच संध्याकाळी वहिनीकडे नेऊन ठेवल्या. आत कुणी बोलावलं नाही.

आठ महिने अबोला. दोन गल्ल्यांचं अंतर आणि आठ महिने! प्रज्ञाच्या वाढदिवसाला वहिनीच्या हातून दुधी हलवा आला, निरोप नाही. मी डबा घासून परत पाठवला, निरोप नाही. मी बोलले त्यात खोटं काय होतं, असं मी स्वतःला रोज समजावत होते. आज विचाराल तर त्याचं 'नाही' चुकलेलंच होतं आणि त्यानं माझ्या पोरीचं वाटोळं होत होतं. पण मी शब्द फेकला तो त्याला लागावा म्हणून फेकला, त्याचं मन उघडावं म्हणून नाही, आणि तो बरोब्बर लागला.

मग एका दुपारी दार वाजलं. दादा उभा, पांढऱ्या कपड्यांत, घामाघूम, हातात वही. "पाणी दे," म्हणाला. आठ महिन्यांनंतरचे पहिले शब्द. पाणी पिऊन खुर्चीत बसला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "रत्ना, आज माझ्या हातून मोठा घोळ झाला."

झालं असं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याला वाचायला चष्मा लागला होता, पण लग्नात तो लावायचा नाही. फोटोत म्हातारा दिसतो म्हणे! वही तशीही पाठ होती. त्या दिवशी शेलारला लग्न. नवरी नर्स, नवरा पूर्णा गावच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा. मांडवात पंखा जोरात, पानं उलटसुलट झाली, चष्म्याविना डावं-उजवं कळेना, आणि दादानं नवरीला नवऱ्याच्या पाच द्यायला सुरुवात केली.

"ती खणखणीत आवाजात म्हणत गेली गं. वहीत मी दोन्हीकडे 'जोडीदार' लिहिलंय, ती अडखळणार कशाला? चौथीला माझ्या लक्षात आलं. घराचा कारभार जोडीदाराच्या हाती देईन... म्हटलं मेलो! आता मध्येच थांबवू कसा? पाच पुऱ्या केल्या. मग नवरा उरला. त्याला काय देऊ? दिल्या बायकोच्या. घर नीट सांभाळीन, आल्यागेल्याचं करीन. तोही म्हणाला."

"मग? लोक हसले?"

"कुणाला कळलंच नाही! शेवटी सगळ्यांचं साधू साधू साधू झालं, जेवणं झाली. मी घास गिळत बसलो होतो, तर नवरा पाया पडायला आला. म्हटलं आता हा धरणार मला. तर म्हणतो, आचार्य, आमचं बरोब्बर सांगितलंत तुम्ही. हिची ड्युटी बारा तासांची, डबा मीच करतो." दादा हातातल्या वहीकडे बघत म्हणाला, "लग्न लागलं, रत्ना. उलट्या पानांवर लग्न लागलं आणि काही म्हणजे काही बिघडलं नाही. मग मी पोरीला काय म्हणून अडवलं?"

मला रडू आलं आणि रागही. म्हटलं, "हे आठ महिन्यांपूर्वी सुचलं असतं तर?"

"तू नाव ठेवलंस मला. विचारलं कुठे काही?"

"आणि तू? तू तरी पोरीला काही विचारलंस? एकदम बसत नाही!"

"नाही विचारलं," तो म्हणाला. "चुकलं माझं." माझा दादा, तोही असं म्हणाला! मग मीही म्हटलं की चारचौघांत बोलायला नको होतं. तेवढ्यात प्रज्ञा कामावरून आली. मामाला बघून दारातच थबकली, एक सॅंडल पायात, एक हातात. दादानं सरळ मुद्द्यालाच हात घातला, "पोरी, लावतो तुझं लग्न. पण दोघींत कुणाला कुठल्या पाच देऊ, ते मला अजून कळत नाही."

"सगळ्या दे की, मामा. दोघींना."

"दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा."

दादा आधी हसला, मग सॅंडलसकट तिला जवळ घेतलं, आणि शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली.

विहाराचा हॉल मात्र मिळाला नाही. कमिटीचे सेक्रेटरी सोनावणे, दादाचे जुने दोस्त, म्हणाले, "आचार्य, तुम्ही धम्म बुडवायला निघालात." आठ महिने दादा जिथे उभा होता, तिथेच ते उभे होते. प्रज्ञाच्या मुंबईच्या मित्रमैत्रिणींनी हॉलच्या दारावर लावायला पाटी रंगवून आणली, 'धर्मांध कमिटीचा धिक्कार'. दादानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "ही पाटी मी आठ महिने गळ्यात घालून बसलो होतो. पाटी घातली की माणूस दार लावून घेतो. सोनावण्याला मी रोज जयभीम घालणार, आणि लग्न पण लावणार. बघू कोण दमतं." पोरांनी मग ती पाटी उलटी करून त्यावरच 'लग्न इकडे' असं लिहिलं आणि बाण काढला.

लग्न झालं ते दादाच्या जुन्या कारखान्याच्या अंगणात. कारखाना बंद पडून लूम भंगारात गेले होते. मालक म्हणाले, "आचार्य, आँगन आपका है, पूछना क्या?" शेजारचे कारखाने मात्र चालू, नुसती खडखड. मनालीचे बाबा पहिल्या रांगेत नवी टोपी घालून, मांडीवर हात घट्ट धरून बसलेले. दोघी पांढऱ्या साड्यांत समोर उभ्या राहिल्या. दादानं वही उघडली, आणि जन्माची सवय, म्हणाला, "आता वरानं पुढे यावं." दोघीही पुढे आल्या. सगळं अंगण हसलं, दादासुद्धा. मग त्यानं वही मिटून बगलेत मारली आणि त्या सगळ्या खडखडाटावर आवाज चढवून गरजला, "दहाच्या दहा! एकही गाळायची नाही!" पोरी एकेक म्हणत गेल्या, एकमेकींकडे बघत. कारभार तुझ्या हाती देईन म्हणताना मनालीचा आवाज फुटला, तेव्हा बाबा खालूनच म्हणाले, "बोल बोल, भिऊ नको, आमी हाव ना." शेजारच्या कारखान्यातली माणसं शिफ्ट सोडून भिंतीवर चढून बघत होती. साधू साधू साधू झालं, ते अशा आवाजात झालं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. जिंकलो आम्ही! रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर सोनावणे उभे होते. आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

त्यानंतर दादानं प्रत्येक लग्नात दोघांकडूनही दहाच घेतल्या. काही नवरदेवांनी कुरकुर केली, एकाच्या आत्यानं तर भांडण काढलं. दादा म्हणायचा, जमत नसेल तर दुसरा आचार्य बघा, माझ्या वहीत आता एकच पान आहे. सोनावण्यांना रोज जयभीम घालायचा. ते पुटपुटल्यासारखं उत्तर द्यायचे. ते दोघे शेवटपर्यंत पुन्हा एकत्र चहाला बसले नाहीत, ही एक खंत राहिली.

दादाच्या पुण्यानुमोदनाला सोनावणे मागच्या रांगेत बसून गेले. आणि गेल्या आठवड्यात माझ्या दारात उभे. "रत्नाताई, वही पाहिजे होती. आमच्या पोरीचं, वैशालीचं लग्न आहे रविवारी, हॉलमध्ये. दहा घेतल्या तरच उभी राहीन म्हणते." मग म्हणाले, "प्रज्ञाचं मला अजून पटलेलं नाही. खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी टपरीवर सगळं ऐकलं. त्यात वाईट असं एक वाक्य सापडलं नाही मला." आणि खिशातून पत्रिका काढून दिली. पाकिटावर त्यांच्या सेक्रेटरी छाप वळणदार अक्षरात लिहिलं होतं, सौ. प्रज्ञा व सौ. मनाली, सहकुटुंब. मी पाकीट धरून तशीच उभी राहिले. त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

रविवारी आम्ही सगळे गेलो, दोघी पोरी, बाबा, वहिनी, मी. त्याच हॉलमध्ये, पुढून, मोठ्या दारानं. नवीन आचार्य तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी माईक हातात घेतला आणि माईकनं ऐनवेळी दगा दिला. ते बिचारे बटणं दाबत राहिले. तेव्हा पहिल्या रांगेतून सोनावणे उठले आणि घसा ताणून ओरडले, "दहाच्या दहा! एकही गाळायची नाही!" वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. शेवटी मी एवढ्या मोठ्यानं साधू म्हटलं की पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. बघू देत. दादाची बहीण आहे मी.

संध्याकाळी वही परत आली, नव्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळून. वहिनीनं ती दादाच्या कपाटात, सदऱ्यांवर ठेवली. मग टेबलावरचा त्याचा चष्मा उचलून वहीवर ठेवायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, चष्मा तेवढा वेगळा ठेव. तो लावला असता तर दहा झाल्या असत्या का?"