पाखऱ्याची नळी

बाजारात बैल पाहायला गेली की मुन्नीबाई दात नंतर पाहायची. आधी गुडघ्याखालची नळी चाचपायची. चितळाची नळी लांब, सडपातळ, म्हणून ते वाऱ्यासारखं पळतं. हेला म्हणजे आपला रेडा, त्याची आखूड नि जाड. तो चिखलच तुडवणार. अस्वलाचा पाय तर वारुळं उकरायला केलेला. ज्याचं जसं जगणं तसं त्याचं हाड, असं ती म्हणे आणि स्वतःच्या फेंगड्या पायांकडे पाहून हसे. जन्मभर चिखलात वाकून धान रोवलं, मग ते काय उसासारखे सरळ राहणार?

अशी नळी पारखूनच तिनं पाखऱ्या बैल घेतला होता, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत पळवायला. जीव होता तिचा त्याच्यावर.

यंदा ऐन चिखलणीत, रोवणीसाठी शेतात चिखल करताना, जोडीतला एक हेला लंगडला. ट्रॅक्टरवाला फोन उचलेना, रोपं पिवळी पडायला लागली. माय घरात नाही असं पाहून तिच्या पोरानं, योगराजनं, उरलेल्या हेल्यासोबत पाखऱ्याच जुंपला.

मुन्नीबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पोचली तेव्हा पाखऱ्याचा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत रुतलेला. हेला आपला पुढे ओढतोय, आणि योगराजनं बैल हाकायची तुतारी उगारलेली.

"हानू नोको रे! झटका बसला का नळी तुटन!"

"मंग काय करू माय? रुतून राहिला ना!"

"हेला सोड पयले. अक्कल घरी ठेवून आलास का?"

योगराजला जुवाची दोरी सुटेना. हेल्यानं आणखी एक पाऊल टाकलं. पाखऱ्या जोरात ओरडला. चिखलात उतरून तिनं हेल्याची वेसण धरली आणि छाती लावून त्याला थोपवलं. तेव्हा कुठं दोरी निघाली.

मग ती पाखऱ्याच्या पायाशी बसली. एक हात नळीवर, दुसऱ्यानं चिखल उपसू लागली. उपसावा तेवढा परत भरे. "उगी बाप्पा, उगी. हालू नोको."

हळूहळू पाय वर आला. तिनं अंगठा गुडघ्यापासून खाली फिरवला. मध्येच पाखऱ्या शहारला.

"मोडली का, माय?"

"चूप."

तिनं पुन्हा अंगठा फिरवला, दाबून. कुठं खाच नाही, करकर नाही. पाखऱ्यानं खूर टेकवला, उचलला, परत टेकवला. आणि भार टाकून उभा राहिला.

"शाबूत हाय. पन सुजन. यंदा पट नाही."

योगराज मटकन चिखलातच बसला.

"बसलास कायले? आता माजा पाय काढ, रुतला. पटात पळाचा नोहोय हा, पन रोवना बाकी हाय ना!"

योगराजनं दोन्ही हातांनी मायच्या पायाभोवतीचा चिखल उपसायला घेतला. अगदी हळू.