खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं बंद ठेवून पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचे हार घालतात. खालापूरजवळच्या ज्या शीतगृहात मी संगणकांचं काम बघायचो, तिथे थंड खोल्यांचे कॉम्प्रेसर तेवढे चालू ठेवत, बाकी सगळं बंद. सर्व्हरसुद्धा. एरवी वर्षभर तो बंद होत नसे. त्या दुपारी मी स्वतः तो बंद केला, धूळ पुसली, कुंकवाचं बोट लावलं, आरती झाल्यावर परत चालू केला आणि पेढा खाऊन नेरळला घरी आलो.

त्या सर्व्हरवर एक प्रोग्राम मागे गुपचूप सतत चालायचा. खोल्यांचं तापमान वाचत राहायचं आणि पारा चढला की ऑपरेटरच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा, एवढंच त्याचं काम. लिहिला मीच होता. सर्व्हरबरोबर तो आपोआप सुरू व्हावा असं आधी करून पाहिलं होतं. पण मेसेज पाठवणारा सिमकार्डाचा मोडेम उशिरा जागा व्हायचा आणि प्रोग्राम त्याची वाट बघत अडकून बसायचा. चालू प्रोग्रामांच्या यादीत दिसायचा, काम मात्र शून्य. म्हणून मी तो आपोआप सुरू होणाऱ्यांतून काढला आणि मोडेम लागला की हाताने सुरू करायचा, असं ठरवलं. नीट दुरुस्ती पुढच्या आठवड्यात करू म्हटलं. पण एकदा सुरू केल्यावर तो बंदच पडेना. त्यामुळे तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही.

त्या खंडेनवमीला मी तो सुरू करायला विसरलो.

दसऱ्याला जोडून सुट्ट्या होत्या. आवारात मुक्कामाला एकटा ऑपरेटर, कर्जतकडच्या डोंगराखालच्या एका वाडीतला. त्याने फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसायचं आणि मेसेज आला की खोल्यांकडे धावायचं, ही पद्धत आम्हीच घालून दिलेली. नेमका एका खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. त्या खोलीत त्याच्याच वाडीतल्या बायकांच्या गटाने ठेवलेला जांभळाचा गर होता. पावसाच्या तोंडावर रान पालथं घालून त्यांनी ती जांभळं वेचलेली. त्याची बायकोही त्याच गटात. सुट्ट्या संपल्यावर दार उघडलं, तर आंबूस वास आला. डब्यांची झाकणं फुगली होती.

"मला मेसेज आला नाय," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सर्व्हरसमोर बसलो, चालू प्रोग्रामांची यादी काढली. माझा प्रोग्राम त्यात नव्हता. मी तो सुरू केला. पुन्हा यादी काढली, आता होता. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि म्हणालो, "चालू आहे, साहेब."

आपण खोटं काही बोललो नाही, असं पुढे मी स्वतःला सांगत राहिलो.

"झोपला असशील रं," मॅनेजर त्याला म्हणाले. त्याची नोकरी गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. ती नोकरी मीही सोडली, तरी कुठलाही सर्व्हर समोर आला की यादी काढतो, परत काढतो. जेवता जेवता डाव्या हाताने फोनवर बघतो. बायको म्हणते, "अहो, आत्ताच तर बघितलंत!" तिलाही हे सांगितलं नव्हतं.

मध्यंतरी कडावला तो ऑपरेटर मला दिसला. टेंपोत पेंढ्याचे भारे चढवत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिवी देईल. तो हसला.

"मला पन वाटाया लागलेलं साहेब, का खरंच डोळा लागला असंल. वाडीत मला काय म्हनतात ठाव हाय? झोपाळूशेठ. लग्नाला गेलो तर आधी उशी देतात हातात."

"मी आता काय करू, सांग."

"मला सांगून काय व्हनार? बायकांना सांगा. चला, बसा टेंपोत."

वाडीत त्याच्या अंगणात गटातल्या बायका जमल्या. मी मोडेमपासून सुरुवात केली. एका म्हातारीने मध्येच अडवलं, "थोडक्यात सांगा ना. पूजा केली नि मशीन चालू कराया इसरला, असंच ना?"

"हो."

"नि ह्याच्यावर ढकललं."

"हो."

त्याची बायको खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "त्या दिवाळीला मी ह्यांच्याशी बोलले नाय. एक शबूद नाय." मग तिने विचारलं, "कंपनीत सांगितलं का?"

"नाही अजून."

"मग लावा फोन. आमच्यासमोर. आवाज समद्यांना येऊ दे."

स्पीकरवर मॅनेजरांचा आवाज आला. ते तब्येत विचारायला लागले. मी म्हणालो, "त्या दसऱ्याला मेसेज गेलाच नव्हता. प्रोग्राम बंद होता. चूक माझी, त्याची नाही."

"काय? तुटतंय. मोठ्याने बोला."

रेंज कुठे मिळते ते एका बाईने हाताने दाखवलं. मी अंगणाच्या कडेच्या दगडावर जाऊन उभा राहिलो आणि शेजारच्या घरांतली माणसं बाहेर येईपर्यंत तेच परत परत, मोठ्याने सांगत राहिलो.