टोपी टेबलावर राहिली

लिहायला बसण्याआधी हवालदार डोक्यावरची टोपी काढून टेबलावर उलटी ठेवायचे. मग समोरच्याला सोडून त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "घाई कुनाला हाय?"

तुम्ही कधी ठाण्याची पायरी चढला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं घाई असलेला एक तरी असतोच. "ज्याला घाई, त्याचं शेवटी ऐकायचं," असं ते मला शिकवायचे.

दुष्काळाची वर्षं होती. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी नवा शिपाई होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला मीच. अक्षर चांगलं, भाषा शुद्ध. हे मुद्दाम सांगतो, कारण माझी चूक त्याच शुद्ध भाषेत झाली. हवालदार सातवी पास. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए बी.ए., जरा हे वाच. साहेबाचं अक्षर का मुंगीचं वारूळ, कळंना."

नवऱ्यानं मारलं म्हणून बाई आली, तर तेव्हा वहीत एकच ओळ पडायची : 'घरगुती भांडण, समज देऊन पाठवले.' त्यासाठी वेगळा कायदा नव्हता. असली तक्रार अदखलपात्र. नोंद करायची आणि विसरायचं. हवालदार मात्र त्या ओळीच्या जागी अर्धं पान भरायचे. कुठं लागलं, कशानं, किती बोटं लांब. बाकीचे हसायचे. "हवालदार, पोलकं शिवताय का?"

एका दुपारी एक बाई चालत आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट, उजवा हात डाव्या हातात धरलेला. ती भिंतीशी बसते तोच सायकलवर तिचा नवरा हजर. दुष्काळी कामावरचा मुकादम. त्यानंच सगळं सांगितलं. खडी फोडताना बायकोला लागलं, घरी बोलाचाली झाली, रागानं निघून आली. हवालदार कोर्टात गेले होते. बाईला मी काही विचारलं नाही. मी लिहिलं : 'खडी फोडताना इजा. पती-पत्नीत किरकोळ वाद. उभयतांस समज दिली.' तिचा उजवा हात उचलेना म्हणून डावा अंगठा उमटवून घेतला. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. 'उभयतांस' या शब्दावर मी खूष होतो.

तेवढ्यात हवालदार आले. टोपी उलटी ठेवली, नोंद वाचली.

"सोडा आता आमाला," मुकादम म्हणाला. "कामावर हजेरी घ्यायचीय."

"घाई कुनाला हाय?"

"मला हाय की!"

"मंग भाईर थांब. बाई, तुमाला हाय का घाई?"

तिनं मान हलवली. नाही.

"बी.ए., खडी कधी फोडलीस?"

"नाही."

"घन मारला की चीप पुढं उडती. नडगीला लागंल, तोंडाला लागंल. ही बाई भिंतीशी बसलीय, पर पाठ टेकवंना. पाठीला खडी कशी लागंल?"

ठाण्यात बाई पोलीस नव्हती. हवालदारांनी झाडूवाल्या मावशींना बोलावलं. त्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, आणि बंद दाराआडून त्यांचा आवाज आला, "खांद्याखाली एक वळ. वीतभर. अगं माय... त्याच्याखाली आनखी एक हाय."

मुकादमानं तोवर फौजदारांना गाठलं होतं. ते बाहेर आले. "हवालदार, घरातलं घरात राहू द्या. नोंद झाली ना?"

"झाली साहेब. पर चुकीची झाली."

वहीची पानं आकडे घातलेली. फाडता येत नव्हती, आणि खाडाखोड म्हणजे गुन्हा. "खोडू नको," हवालदार मला म्हणाले. "खाली लिही. वरचं मी नवऱ्याच्या सांगन्यावरून लिहिलं, बाईला इचारलंच न्हाई. आन सही कर."

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. फौजदार माझ्या हाताकडे बघत होते. मी लिहिलं, सही केली. तेवढीच माझी हिंमत. तिथंच ती संपली.

बाई बाहेर आली. माझी सही वाळायच्या आत तिनं तोंड उघडलं. "आमचं म्हायेर शिंगणापूरचं. तिथं घराला दार नसतंय. हितं आतनं कडी लावून मारत्यात."

"हेबी लिही," हवालदार म्हणाले. "तिच्या शब्दांत. तुझ्या नको."

मग त्यांनी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला लावली. "मनगट मोडलं असंल, तर हे भांडन न्हाई, गुन्हा हाय. चला बाई." भर बाजारातून दोघं निघाले. मुकादम चार पावलं मागं, सायकल हातात धरून.

टोपी टेबलावरच राहिली होती. मी ती उचलून दाराकडे धावलो.

"ठेव तिथंच," फौजदार म्हणाले.

मी ठेवली. होती तशीच, उलटी.

डॉक्टरांनी हाड मोडल्याचं लिहून दिलं. गुन्हा दाखल झाला, संध्याकाळी मुकादम आमच्याच कोठडीत बसला आणि बाई भावाबरोबर माहेरी गेली. आठ दिवसांनी हवालदारांची बदली आली, लांबच्या एका चौकीवर. कागदावर कारण होतं : गणवेशात असताना भर बाजारातून उघड्या डोक्याने फिरले.

पुढं कायदे झाले, छापील नमुने आले. इजा कुठं, कशानं, हकीकत बाईच्या शब्दांत. नव्या शिपायांना तो नमुना शिकवताना मला प्रत्येक रकाना ओळखीचा वाटायचा.

बदलीच्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो. "टोपी मी आणायला पाहिजे होती," एवढंच बोलता आलं.

"आनली असतीस तर या गाडीवर दोन ट्रंका चढल्या असत्या," ते म्हणाले. "बरं केलंस, बी.ए."

मला ते अजून बरं वाटत नाही.

कंडक्टर ओरडत होता, "चला, आटपा, आटपा!" हवालदारांनी पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळले. "घाई कुनाला हाय?" कंडक्टरसुद्धा हसला.

गाडी हलली. ते खिडकीशी बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर उलटी ठेवली. मला वाटलं, आता ते काहीतरी लिहायला घेणार.